टोपी पडली की कट

सकाळी ६.००
शेअर रिक्षा कैनाडला सोडते तेव्हा पाड्यावर चुली पेटलेल्या असतात. कॅमेरा मात्र पिशवीतच ठेवायचा. चहा-भाकर होईपर्यंत माझ्या मित्रासमोर नवी वस्तू आली की त्याचा सगळा दिवस बिघडतो. पहिलीत आम्ही एका बाकावर होतो. चौथीनंतर तो शाळेत आला नाही, मी पुढे मुंबईला चित्रपट शिकायला गेलो आणि आता त्याच्यावर माहितीपट करतोय. त्याला स्वमग्नता आहे हे घरी फार उशिरा कळलं, तोवर भगत करून झाले होते.

६.४५
तयारी. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर चिकटपट्टी, बीप बंद. कॉलरचा माइक त्याला टोचतो, म्हणून तो नाहीच. मोठ्या माइकचं केसाळ आवरण त्याला फार आवडतं. तो ते कुरवाळत बसतो आणि ध्वनिमुद्रणात नुसती खरखर येते. ती पाच मिनिटं वाया गेली असं धरायचंच नाही.

७.३०
वाडी. जाळीच्या काठीने उतरवलेले चिकू चीक काढून, धुऊन त्याच्यासमोर ढिगात पडतात आणि तो प्रतवारी करतो: मोठा, मधला, बारीक, डागी. फळ तळहातात एकदा फिरतं आणि थेट क्रेटमध्ये जातं. हाताने दाबून बघणं नाही, दुसऱ्यांदा उचलणं नाही. कोणी मधल्याच्या क्रेटमध्ये मोठा टाकला तर तो न बोलता उठतो आणि काढतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या नावाने माल जायचा तर डागी फळ चालत नाही, म्हणून वाडीवाल्याला हा गडी हवा असतो. दया वगैरे काही नाही, मजुरी इतरांइतकीच.

चित्रीकरणाचा नियम त्याने पाडलाय. डोक्यावरची टोपी काढून त्याने लेन्सवर ठेवली की कट. 'थोडंच राहिलंय रे' म्हणायचं नाही. आज टोपी लवकर पडली, शेजारच्या वाडीत पंप सुरू झाला म्हणून.

११.३०
मित्राच्या घरच्या मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बोलतात. "पोर वाईट नाय, लोकांना सांगता येत नव्हतं एवढंच." १९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्याने ती एकवीस प्रकारांच्या यादीत आणली, मग अपंगत्वाच्या दाखल्याचा विषय निघाला. त्यासाठी 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी लावतात: चाळीस मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त आली तर स्वमग्नता. चाळिसावा मुद्दा एखाद्या बाबतीतल्या अचाट प्रतिभेचा आहे. मुंबईत माझ्या चित्रपटाबद्दल ऐकणाऱ्या प्रत्येकाला नेमका तेवढाच हवा असतो.

दुपारी २.००
तो झोपलाय. कॉलेजातल्या मार्गदर्शकांचा फोन: "वारली आहे ना, मग चित्रं काढत असेल? तारप्याचा एखादा शॉट?" वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गंजाड याच डहाणू तालुक्यातलं, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण हा चित्रं काढत नाही, आणि तारपा वाजतो तेव्हा तो गाढ झोपलेला असतो. त्याला नाचाच्या फेऱ्यात उभं केलं तर शॉट देखणा येईल आणि खोटा असेल. नाही म्हणून सांगितलं.

४.३०
दिवसाचं चित्रण मी त्याला लॅपटॉपवर दाखवतो. क्रेट भरण्याचा तुकडा त्याने पुन्हा पुन्हा लावायला लावला. मागच्या खेपेचा एक शॉटही त्यात होता: बाहेर वरातीचा डीजे, आणि तो कोपऱ्यात कान दाबून बसलेला. वर्गात सगळे या शॉटवर गप्प झाले होते. त्याने टोपी काढली आणि पडद्यावर ठेवली. मी शॉट काढून टाकला.

६.३०
परतीची रिक्षा. संमतीपत्रावर मावशींची सही आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घेता येतो. पण त्या सहीने कॉलेजचं काम भागतं, मित्राची परवानगी होत नाही. स्वमग्न माणसावर माहितीपट करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: चित्रीकरणाआधी जसं विचारता, तसंच संकलन झाल्यावर त्याला शेजारी बसवून सगळं दाखवा, आणि त्याने नको म्हटलेला शॉट कितीही चांगला असला तरी काढा.