सही करण्यापूर्वी

"पप्पा, फक्त एक सही पाहिजे."

दहावीचा निकाल लागला आणि आठ दिवसांत आमच्या मुलाने हा कागद आमच्यासमोर ठेवला. शिकाऊ लायसन्ससाठी पालकाची संमती, असा तो कागद. मुलाला १६ वर्षे पूर्ण झाली होती. त्याच्या मामाची स्कूटर आमच्या दारात उभी होती. कॉलेज तालुक्याला, वस्तीपासून ९ किलोमीटरवर. पहिला तास साडेसातला आणि सकाळची एस.टी. पोचते आठला. मुलाचे म्हणणे चुकीचे कसे म्हणावे?

आमची उभी हयात कारकुनीत गेली. या नोकरीने एक धडा दिला, न वाचता कशावरही सही करायची नाही. आम्ही म्हणालो, "दोन दिवस थांब." मुलगा रुसला. त्याची आई म्हणाली, "पोरगं रोज पहिला तास बुडवणार. मार्क कमी पडले की मग तुम्हीच बोलणार."

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आज घरोघरी आहे. बाप पाळीवर, आई कामावर. धाकटीला क्लासला सोडायचे, आजीचे औषध आणायचे, रेशनचे पोते आणायचे, तर करणार कोण? हाताशी आलेला मुलगा गाडीवर बसला की घराला आधार वाटतो. शिवाय मनात आणखी एक गोष्ट असते. आपण शाळेत पायी गेलो, निदान आपल्या लेकराने तरी मान वर करून गाडीवर जावे. या भावनेला आम्ही हसणार नाही, कारण ती आमच्याही मनात होती.

दोन दिवसांत आम्ही कायदा वाचला. तेव्हा कळले की आमच्या पिढीच्या डोक्यात अजून लुनाच बसली आहे. १९७२ साली निघालेली ती पायडलची गाडी ५० सीसीच्या आतली होती. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे १६ वर्षांच्या मुलाला बिनगिअरची आणि ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. बाकी सर्व गाड्यांना वय १८. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. मामाची स्कूटरही तशीच. म्हणजे आमची सही ज्या गाडीला चालली असती, ती गाडी दारात नव्हती, आणि दारातल्या गाडीला ती सही चालणार नव्हती. "सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते" असे जे सांगतात, ते अर्धेच सांगतात.

पुढचे वाचून तर झोप उडाली. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. "आम्हाला ठाऊक नव्हते" असे नुसते म्हणून सुटका नाही, ते कोर्टात सिद्ध करावे लागते. म्हणजे आम्ही तर अडकलोच, बिचारा मामाही अडकला.

मुलाचे काय? त्याला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे कलम आपल्यासारख्यांनी नीट वाचावे. आपल्या किती तरुणांची भाकर आज लायसन्सवर आहे! डिलिव्हरी, टेम्पो, रिक्षा, एस.टी.ची चालक भरती, सगळीकडे तोच कागद मागतात. पहिला तास वाचवण्यासाठी कमावत्या वयाची सात-आठ वर्षे घालवायची का?

विम्याचेही तसेच. लायसन्स नसलेल्या मुलाच्या गाडीखाली कोणी सापडले, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचे आदेश न्यायालये देतात. ज्याचे घर महिन्याच्या पगारावर चालते, त्याने ती रक्कम कुठून आणायची?

पण समजा, पोलीस नाही, कोर्ट नाही. तरी रस्ता आहेच. आमच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय धावतात. गाडी चालवणे मुलगा चार दिवसांत शिकतो. समोरचा अचानक वळेल, बाजूचे दार उघडेल, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागणार नाही, हे ओळखायला मात्र वय लागते. मागे मित्र बसला की वेग आपोआप वाढतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

काही जण बॅटरीच्या गाडीचे सुचवतात. २५० वॅटपर्यंतच्या मोटरची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली मान्यताप्राप्त गाडी असेल तर लायसन्स लागत नाही, हे खरे. पण तिचा वेग मेकॅनिककडून वाढवून घेतला की ती सवलत संपते. आणि रस्ता तोच राहतो.

तिसऱ्या दिवशी मुलाला जवळ बसवून सगळे वाचून दाखवले. सही करणार नाही, हे सांगितले. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पप्पा, तुम्ही तरी कुठे हेल्मेट घालता?" आम्ही निरुत्तर झालो. त्या रविवारी आय.एस.आय. मार्कचे हेल्मेट घेतले. आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही डोक्यावर असते.

पण नुसता नकार देऊन बापाचे काम संपत नाही. तास तर बुडतच होता. वस्तीतले आम्ही पाच पालक एकत्र आलो. मुलांची नावे आणि कॉलेजची वेळ लिहून आगार व्यवस्थापकांना अर्ज दिला, पोच घेतली, दोनदा जाऊन विचारले. दीड महिन्याने गाडी अर्धा तास अलीकडे आली. विद्यार्थ्यांना पासात तिकिटाच्या एक तृतीयांशच पैसे पडतात आणि बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी. मोफत आहे. धाकट्या वर्गातल्या दोन मुलींचे शिक्षणही त्यामुळे सोपे झाले.

मुलगा अजून अधूनमधून कुरकुरतो. त्याचा मित्र गाडीवरून भुर्रकन जातो, तेव्हा त्याला वाईट वाटते, आणि आम्हालाही. पण मामाची स्कूटर मामाकडे परत गेली आहे. १८ पूर्ण झाल्यावर आम्ही स्वतः त्याला घेऊन आर.टी.ओ.त जाणार, हा शब्द दिला आहे.

पालकांनो, मुले सही मागतील. ती मागतात, कारण त्यांची अडचण खरी असते. संमतीच्या कागदावर ती करण्याआधी पाहा, अडचण दूर करणारा दुसरा एखादा अर्ज तुमच्या सहीची वाट पाहत तर नाही ना?