स्लॉट तोच, प्रश्न वेगळे

‘हे ग्राफिक्स कार्ड माझ्या मदरबोर्डवर चालेल का?’ हा प्रश्न जुना आहे, पण त्याचं उत्तर शोधण्याची जागा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदलली. एकेकाळी ते खरोखर मदरबोर्डवरच सापडायचं. आयएसए, व्हेसा लोकल बस, पीसीआय असे स्लॉट एकामागून एक आले आणि 1997 मध्ये खास ग्राफिक्ससाठी एजीपी आला. एजीपीची सुरुवातीची कार्डं 3.3 व्होल्टवर, तर नंतरच्या 4एक्स वेगाची 1.5 व्होल्टवर चालायची. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून स्लॉटला आडकाठी आणि कार्डाला खाचा असत, पण काही कार्डांच्या खाचाच नियमाबाहेर होत्या. असं 3.3 व्होल्टचं कार्ड फक्त 1.5 व्होल्ट झेपणाऱ्या बोर्डात घातलं, तर बोर्ड जळण्याचा धोका असे. त्या काळात बोर्डाचं मॅन्युअल न वाचता कार्ड घेणं महागात पडू शकत होतं.

2004 च्या सुमारास बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस आला आणि ही कटकट बहुतांशी मिटली. त्याच्या पुढच्या आवृत्त्या जुन्यांशी जुळवून घेतात. 4.0 चं कार्ड 3.0 च्या स्लॉटमध्ये बसतं आणि कमी वेगाने चालतं. मात्र स्लॉटमधून मिळते जास्तीत जास्त 75 वॉट वीज. बाकीची एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून, घ्यावी लागते, सहा पिनच्या जोडणीतून 75 आणि आठ पिनच्या जोडणीतून 150 वॉट. 2022 च्या आरटीएक्स 4090 ची गरज 450 वॉटची आणि लांबी सुमारे 30 सेंटीमीटर. असं कार्ड अडतं ते मदरबोर्डपाशी नाही, एसएमपीएस आणि कॅबिनेटपाशी.

मग बोर्ड तपासायचंच सोडून द्यावं का? तसं नाही. 2022 चंच आरएक्स 6500 एक्सटी लांब स्लॉटमध्ये बसतं, पण डेटाच्या सोळा वाटांपैकी, म्हणजे लेनपैकी, चारच वापरतं. 3.0 च्या बोर्डवर त्याची बँडविड्थ निम्मी होते आणि काही गेम्समध्ये फटका स्पष्ट जाणवतो. इंटेलच्या आर्क कार्डांना नीट चालायला बोर्डाच्या बायोसमध्ये रिसायझेबल बारची, म्हणजे कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम खुली करण्याची, सोय लागते. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, नसलेल्या जुन्या बोर्डवर काही नवी कार्डं पडद्यावर चित्रच आणत नाहीत. जुना प्रोसेसर कार्डाला पुरा पडणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे, पण तो वेगाचा मुद्दा झाला. कार्ड चालेल की नाही, हे त्याने ठरत नाही. एवढं मात्र खरं की स्लॉटचा आकार जुळला म्हणजे सगळं जुळलं, असं आता म्हणता येत नाही. म्हणून कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचे वॉट आणि जोडण्या पाहा, कॅबिनेटमधली जागा मोजा, मग कार्डाच्या लेन आणि बोर्डाची पीसीआय एक्सप्रेस आवृत्ती ताडून बघा, आणि बोर्ड जुना असेल तर बायोस अपडेट आहे का तेही पाहून घ्या.