सिकंदराच्या साम्राज्याची वाटणी

इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये सिकंदर बॅबिलोनमध्ये वारला, तेव्हा त्याला ३३ वे वर्षही पुरे झाले नव्हते. मागे मॅसिडोनियापासून सिंधूपर्यंतचा मुलूख होता, पण गादीवर बसवण्याजोगा माणूस नव्हता. राणी रोक्साना गरोदर होती. सावत्र भाऊ अऱ्हिडियस बुद्धीने अधू होता. पायदळाने भावाचे नाव लावून धरले, घोडदळाच्या सरदारांना मुलाची वाट पाहायची होती. अखेर दोघांनाही राजे मानायचे, कारभार पर्डिकस या सेनापतीने पाहायचा आणि प्रांत सरदारांनी सांभाळायचे असे ठरले. हे नुसते वेळ मारून नेणे होते.

पहिली ठिणगी पडली ती प्रेतावरून. मॅसिडोनियात आधीच्या राजाचे अंत्यविधी करण्याचा मान नव्या राजाचा असे. सिकंदराचा देह नेण्यासाठी सोन्याने मढवलेला रथ तयार झाला. त्याला ६४ खेचरे जुंपली होती आणि प्रत्येकाच्या दोन्ही गालांशी सोनेरी घंटा होत्या. इजिप्तचा सुभेदार टॉलेमी याने हा लवाजमा वाटेतच आपल्याकडे वळवला. पर्डिकस चवताळून इजिप्तवर चालून गेला. पण नाईल ओलांडताना त्याची माणसे बुडाली, कित्येक मगरींच्या तोंडी गेली. चिडलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला ठार केले. त्यांत सेल्यूकसही होता. पुढे बॅबिलोन त्याच्याकडे आले.

राजघराण्याची कत्तल त्यानंतरची. अऱ्हिडियसला सिकंदराच्या आईने, ऑलिंपियसने, मारवले. ऑलिंपियसचा काटा कसांडर या मॅसिडोनियन सरदाराने काढला आणि रोक्साना व तिच्या मुलालाही त्यानेच संपवले. इ.स.पू. ३०६ पासून सरदार उघडपणे स्वतःला राजे म्हणवू लागले.

सगळे साम्राज्य एकहाती हवे असलेला आता अँटिगोनस हा सरदार उरला होता. त्याच्याविरुद्ध बाकीचे एक झाले. सेल्यूकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून सिंधूच्या पश्चिमेकडचे प्रांत सोडले आणि ५०० हत्ती घेतले. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर अँटिगोनसच्या मुलाचे घोडदळ शत्रूचा पाठलाग करत दूर गेले. परतताना हत्तींची भिंत आडवी आली. ऐंशी उलटलेला अँटिगोनस भाल्यांच्या वर्षावात पडला. सौदा महागात पडला, असे सेल्यूकसला वाटले नसावे.

म्हातारपणी मात्र त्यालाही सर्व मुलखाची हाव सुटली. इ.स.पू. २८१ मध्ये लायसिमाकस या दुसऱ्या सरदाराला मारून तो युरोपात उतरला आणि तिथेच त्याचा खून झाला. पुढे तीन मोठी राज्ये उरली : मॅसिडोनियात अँटिगोनसचे वंशज, आशियात सेल्यूकसचे आणि इजिप्तमध्ये टॉलेमीचे. सबंध साम्राज्याच्या मागे न लागता इजिप्त घट्ट धरून बसलेल्या टॉलेमीचेच घराणे सर्वांत जास्त टिकले, इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राच्या मृत्यूनंतर ते राज्य रोमने घेतले.