परतीचं पाणी

राजगड चढला आहात ना? मग आठवून पाहा. आधी दमवणारी चढण. अर्ध्यावर पाय बोलायला लागले किंवा पाणी संपलं, तर सरळ मागं फिरायचं. उतार आपल्याला खाली आणून सोडतो. आता हे सगळं उलटं करा. सकाळी ताजेतवाने असताना उड्या मारत खाली जायचं आणि दमल्यावर, ऊन तापल्यावर, पाठीवर सॅक घेऊन तेवढंच वर चढायचं!

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली ग्रँड कॅन्यन ही घळई म्हणजे असा उलटा डोंगर आहे. लांबी ४४६ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरच्या पुढे. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. जवळजवळ तेवढंच इथं खाली उतरायचं. तळाशी वाहते ती कोलोरॅडो नदी. बहुतेक पर्यटक काठावर उभे राहतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. आपण मात्र जाऊ या नॅन्कोवीपच्या वाटेनं. तिथल्या नाव असलेल्या वाटांमध्ये ही सगळ्यांत अवघड, असं खुद्द नॅशनल पार्कवाले सांगतात.

ही वाट १८८२ साली झाली. जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या धाडसी माणसानं (दुसरा हात त्यानं युद्धात गमावला होता) तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या पायवाटेवरून ती काढून घेतली. कशासाठी? तर चार्ल्स वॉलकॉट या भूगर्भशास्त्रज्ञाला खाली जाऊन खडक तपासता यावेत म्हणून! वॉलकॉट ऐन हिवाळ्यात तिथं राहिला.

वाट कड्याच्या पोटातून जाते. एका बाजूला लाल खडकाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. काही ठिकाणी जेमतेम पाऊल मावतं आणि पायाखाली भुसभुशीत मुरूम. खाली बघून ज्याचे डोळे फिरतात, त्यानं इथं येऊच नये.

पण खरी परीक्षा कड्याची नाही, पाण्याची आहे. वरच्या काठापासून खालच्या नॅन्कोवीप ओढ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. उतरायला अख्खा दिवस लागतो, चढायला त्याहून जास्त. वाळवंटी उन्हात चालणाऱ्याला दिवसाला चारेक लिटर पाणी लागतंच. आता हिशेब करा. एक लिटर म्हणजे एक किलो. तंबू, स्लीपिंग बॅग, तीन-चार दिवसांचा शिधा, आणि त्यावर आठ किलोचं नुसतं पाणी!

मग अनुभवी मंडळी काय करतात? उतरतानाच वाटेत पाणी ठेवून देतात. घसा कोरडा पडलाय, खांदे दुखताहेत, ओढा अजून कितीतरी खाली दिसतोय, आणि अशा वेळी भरलेल्या बाटल्या दगडाआड सावलीत ठेवून पुढं जायचं. बाटलीवर नाव आणि तारीख घालायची. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, मग कितीही तहान लागो. ते पाणी म्हणजे कुणाचा तरी परतीचा प्रवास असतो. आणि जाताना आपल्या रिकाम्या बाटल्या बरोबर न्यायच्या, बरं का!

आणखी एक गंमत, म्हणजे खरं तर धोका. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तरी माणूस आजारी पडतो. घामातून मीठ जातं, वरून पाण्याचा मारा होतो आणि रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमल्यासारखा वागतो. म्हणून पाण्याबरोबर खारं काहीतरी खात राहायचं. आपला चिवडा तिथं अगदी शोभून दिसेल!

उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात वरच्या काठावर बर्फ साचून गाडीरस्ते बंद होतात. म्हणून जायचं ते वसंतात किंवा शरद ऋतूत, परवाना काढून. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुठून जाणार, कधी परतणार हे घरी लिहून ठेवायचं.

एवढं करून खाली पोचलं की काय दिसतं? ओढ्याचं झुळझुळतं पाणी, पुढं नदी आणि नदीच्या वर उंच कड्यात चिमुकल्या चौकोनी खिडक्या. ती धान्याची कोठारं आहेत! सुमारे नऊशे वर्षांपूर्वी इथं शेती करणाऱ्या लोकांनी दगडमातीनं ती बांधली. तळातल्या सपाटीवर मका पिकवायचा आणि पुढच्या दिवसांसाठी तो कड्यात नेऊन ठेवायचा. खालून बघताना मान दुखते. धान्याची ओझी घेऊन ते लोक तिथवर चढत कसे असतील?

तुम्ही तिथं फार वेळ रेंगाळू मात्र नका. उद्या अंधारातच निघायचं आहे. तुमच्या बाटल्या वर वाट बघताहेत, आणि तिथपर्यंतचं पाणी आज रात्रीच ओढ्यावर गाळून, शुद्ध करून भरून घ्यायचं आहे.