बुचातलं मळसूत्र

पुण्यात रस्त्याकडेला लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडला, की आपण वर बघतो आणि म्हणतो, बुचाचं झाड. त्याच्या मऊ, भेगाळ सालीची पूर्वी हलक्या प्रतीची बुचं होत, म्हणून हे नाव. वाइनच्या बाटलीतलं बूच मात्र त्याचं नव्हे. ते पोर्तुगाल-स्पेनकडच्या कॉर्क ओकचं. हे झाड पंचवीसेक वर्षांचं झालं की त्याची साल पहिल्यांदा सोलतात, मग साधारण दर 9 वर्षांनी. आणि बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे झाडाची चाळिशी उलटल्यावर! हे कळल्यापासून बुचाचा चुरा झालेला मला बघवत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे तेच झालं. भावाने नाशिकहून बाटली आणली होती आणि मी घाईघाईने दुकानातून दोन पंखांचं बूच काढायचं यंत्र. पंख खाली दाबले, तर वर आली नुसती सळई. बुचाच्या मधोमध पेन्सिलीएवढं भोक पडलं होतं. उरलेलं बूच आत ढकललं आणि वाइन मलमलीच्या फडक्यातून गाळून घेतली. दुसऱ्या दिवशी ती सळई भिंगाखाली धरली. मधे भरीव दांडा, त्याभोवती धारदार पाती. लाकडात पिळायच्या स्क्रूची असते तशी. ती बुचात शिरताना वाट कुरतडत जाते, आणि ओढताना तिला धरायला काही उरत नाही.

चांगली सळई म्हणजे मळसूत्रासारखी वळवलेली तार, मधे पोकळ. आगकाडी तिच्या वेटोळ्यांमधून आरपार सरकली पाहिजे. ही तार बुचाला न फाडता आत शिरते आणि पाच वेढ्यांनी त्याला आतून धरून ठेवते. टोक तीक्ष्ण हवं, पण दांड्याच्या मध्यरेषेवर नव्हे. वेढ्याच्याच वळणात हवं. तारेवर टेफ्लॉनचा लेप असेल तर घर्षण कमी होतं. बूच साधारण 38 ते 54 मिलिमीटर लांब असतं, त्यामुळे आखूड तार लांब बुचाचा निम्माच भाग वर आणते.

या अवजाराचा पूर्वज बंदुकीच्या नळीत सापडतो. नळीत अडकलेला बोळा काढायला सैनिक वेटोळ्यांची सळई वापरत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्या. पुढे त्या आडव्या ठेवायची पद्धत पडली, बूच मानेत पुरतं ठोकलं जाऊ लागलं आणि हाताने उपटणं अशक्य झालं. 1795 मध्ये सॅम्युअल हेनशॉल या इंग्रज पाद्र्याने पहिलं पेटंट घेतलं. सळईच्या वर त्याने एक चकती बसवली. सळई पुरती आत गेली की चकती बुचावर टेकते आणि पुढच्या पिळाला बूचच फिरतं, काचेला चिकटलेलं सुटतं.

खरी अडचण तिथेच आहे. सुमारे 24 मिलिमीटर जाडीचं बूच दाबून 18-19 मिलिमीटरच्या मानेत बसवलेलं असतं, म्हणून पहिला हलण्याचा क्षणच सर्वांत जड. जर्मनीतल्या रोस्टॉकच्या कार्ल विंकेने 1882 मध्ये त्यावर तरफेची युक्ती शोधली: घडीचा चाकू, तार आणि बाटलीच्या काठावर टेकणारा पाय, तिन्ही एकत्र. वेटरच्या खिशात आजही हेच असतं. पुढे पायाला मधे सांधा देऊन दोन खाचा केल्या गेल्या. आधी वरच्या खाचेने बूच अर्धं उचलायचं, मग खालच्या खाचेने उरलेलं. एकाच पायाच्या यंत्रात शेवटी बूच तिरकं होऊन मोडतं, ते इथे टळतं.

मनगटात जोर नसेल, तर ह्यूस्टनच्या हर्बर्ट ॲलनने 1979 मध्ये काढलेलं स्क्रूपुल बघा. फिरवत राहिलं की बूच आपोआप तारेवर चढत वर येतं. फार जुन्या, भुसभुशीत बुचाला मात्र सळई नकोच. त्यासाठी दोन पातळ पात्यांचा चिमटा मिळतो, तो बूच आणि काच यांच्यामधे सरकवतात. फसफसणाऱ्या वाइनला यातलं काहीच लावू नका. आत गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची.

नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे आधी बाटली पाहा. बूच असेल तर वरचा पत्रा काठाच्या खाली कापा, तार सरळ मधोमध घाला आणि शेवटचा वेढा बाहेर ठेवा, म्हणजे बुचाचा तळ फुटून चुरा वाइनमध्ये पडणार नाही.

घरात एकच यंत्र घ्यायचं असेल, तर दोन खाचांच्या पायाचं घ्या. मूठ चंदनाची असो की प्लॅस्टिकची, तिला भुलू नका. दुकानात जाताना खिशात एक आगकाडी तेवढी ठेवा.