पेंग म्हणजे आळस नव्हे

आमच्या विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतला जातो. तिथे एक ताई आपल्या पाचवीतल्या मुलाची वही घेऊन आल्या. शिक्षकांनी लाल शाईने शेरा मारला होता : ‘वर्गात पेंगतो.’ ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "दादा, पोरगं आळशी निघालं का हो?"

वाचकहो, या शब्दापाशी जरा थांबू या. मराठीत झोपेसाठी शब्दांना तोटा नाही. क्षणभर डोळा लागला तर डुलकी, पापण्या जड झाल्या की झापड, औषधाने येते ती गुंगी, पहाटेची ती साखरझोप. ‘झोपाळू’ हा स्वभाव झाला. पण बिछान्यात पडलेल्याला कोणी ‘पेंगतो’ म्हणत नाही. जागे राहायचे असूनही बसल्या जागी ज्याची मान पुन्हा पुन्हा खाली जाते, तो पेंगतो. लग्नघरी आईच्या मांडीवर पेंगुळलेल्या मुलाला आळशी कोण म्हणेल? (आम्ही कारकून मंडळी दुपारी फायलीवर पेंगतो, पण आमच्या वहीत शेरा पडत नाही!)

पालीत या अवस्थेला ‘थीनमिद्ध’ म्हणतात. पाच नीवरणांपैकी ते एक. अंगुत्तर निकायात कथा आहे. महामोग्गल्लान साधनेला बसले असता पेंगू लागले. तथागतांनी त्यांना दूषण दिले नाही, उपाय सांगितले. कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, चंक्रमण कर; आणि तरीही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर झोप!

मी ताईंना घरची दिनचर्या विचारली. खोली एकच. टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत. वडील दुसऱ्या पाळीवरून 12 ला येतात. नळ पहाटे 5 ला. शाळा सकाळी 7 ची. या वयाच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. याला जेमतेम 5 मिळत होती. चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये ठरवले. हा पोरगा पाचवीत, म्हणून त्यातूनही सुटला.

बाबासाहेब 18 तास अभ्यास करीत, हे आपण मुलांना वारंवार सांगतो. पण परळच्या चाळीतल्या अपुऱ्या खोलीत सुभेदार रामजी भीमाला आधी लवकर झोपवीत, स्वतः रात्री 2 पर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी पडत, हे सांगायचे विसरतो.

पुरेशी झोप होऊनही मूल पेंगत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे. रक्त कमी असले तरी ग्लानी येते.

मी शाळेत जाऊन शिक्षकांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मुलगा आता साडेनऊला पडतो. टीव्ही बंद झालेला नाही. आवाज तेवढा कमी झाला आहे.