ग्योटिंगेनमधील सुट्टी आणि ब्रूनो

परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याविषयी आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. एक म्हणजे तो तिथे मजेत असतो, आणि दुसरी म्हणजे तो तिथे हॉटेलात भांडी घासतो. दोन्हींत थोडेथोडे तथ्य आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये जे रोजचे जगणे असते, त्याविषयी फारसे कोणी सांगत नाही. आपल्या महाविद्यालयातून बी. ए. झाल्यावर २०२३ ते २०२५ अशी दोन वर्षे मी जर्मनीतील ग्योटिंगेन या गावी एम. ए. साठी होते. तेव्हापासून धाकट्या वर्गातील मुलेमुली मला हटकून तीन प्रश्न विचारतात: पैसे किती लागतात, सुट्टीत काय करायचे, आणि एकटे वाटते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात एक कुत्रा वारंवार येईल, त्याला माझा इलाज नाही.

ग्योटिंगेन हे विद्येवर जगणारे गाव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि दर पाच-सहा माणसांमागे एक विद्यार्थी. विद्यापीठ १७३७ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्राशी त्याचे नाते जुने आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढे १८८२ मध्ये ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि १९०८ मध्ये तिथेच वारले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही अभ्यासक हाती धरतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये डॉक्टरेट देऊन गौरवणारे विद्यापीठ हेच. गावच्या चौकात हंस सांभाळणाऱ्या एका पोरीचा पुतळा आहे. तो १९०१ चा. डॉक्टरेट मिळालेल्या विद्यार्थ्याने कारंज्यावर चढून तिचे चुंबन घ्यायचे, ही तिथली रीत. गंभीर चेहऱ्याचे संशोधक फुले घेऊन रांगेने वर चढताना पाहिले, की विद्वत्तेची भीती निम्मी कमी होते.

आता पैशाचे. सरकारी विद्यापीठात शिकवणीचे शुल्क बहुतेक ठिकाणी नाही. ग्योटिंगेन ज्या लोअर सॅक्सनी राज्यात आहे, तिथे ते २०१४ च्या हिवाळी सत्रापासून रद्द झाले. दर सत्राला काहीशे युरोंची एक वर्गणी मात्र भरावी लागते. पण व्हिसासाठी एक वर्षाचा खर्च आधीच बँकेत अडकवून दाखवावा लागतो, आणि त्यातून दरमहा ठरावीक रकमेपेक्षा जास्त काढता येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठरवण्यात आली. जाण्यापूर्वी ताजा आकडा अवश्य पाहावा, कारण तो वाढत राहतो. शिकता शिकता कामही करता येते. २०२४ च्या मार्चपासून त्याची मर्यादा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी झाली. तेव्हा भांडी घासण्याची समजूत अगदीच खोटी नाही. मी ग्रंथालयात पुस्तके मांडण्याचे काम केले.

सुट्टीविषयी आपला गैरसमज सर्वांत मोठा. तिथे वर्षाची दोन सत्रे असतात. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून आणि उन्हाळी १ एप्रिलपासून. प्रत्यक्ष व्याख्याने मात्र ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, आणि पुन्हा एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. म्हणजे वर्षातले जवळजवळ पाच महिने वर्ग नाहीत! हे ऐकून माझा भाऊ म्हणाला, "मग तू तिथे शिकतेस तरी कधी?" खरी गोष्ट अशी, की जर्मन लोक या काळाला सुट्टी म्हणतच नाहीत. त्यांचा शब्द आहे 'व्याख्यानमुक्त काळ'. या काळात प्रत्येक विषयाचा वीस-पंचवीस पानांचा निबंध लिहायचा असतो आणि ग्रंथालयात बसायची जागा मिळत नाही. खरी सुट्टी म्हणजे नाताळचे दोन आठवडे.

आणि नेमके तेच दोन आठवडे परक्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जातात. जर्मन सहाध्यायी घरी जातात. विद्यार्थ्यांचे भोजनगृह बंद, व्याख्याने बंद, रस्ते रिकामे. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. २४ तारखेला दुपारनंतर दुकाने मिटतात आणि २५ व २६ असे दोन्ही दिवस सण असतो. माझ्या पहिल्या वर्षी, २०२३ साली, २४ तारखेला रविवार आला. रविवारी तिथे बहुतेक दुकाने बंदच असतात, त्यामुळे सलग तीन दिवस बाजार नव्हता. गणपतीत चाकरमान्यांनी भरून जाणाऱ्या कोकणातल्या घरातून आलेल्या मुलीला ही शांतता कशी वाटली असेल, ते सांगायला नको. एकटे वाटते का, या प्रश्नाचे उत्तर, होय, वाटते. अभ्यास कठीण म्हणून नव्हे, तर सण दुसऱ्यांचा असतो म्हणून वाटते.

त्या नाताळात ब्रूनो माझ्या वाट्याला आला. मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, त्या घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणे. त्यांचा गुडघा दुखे, म्हणून ऑक्टोबरपासूनच ब्रूनोचा सकाळचा फेरफटका मी घेऊ लागले होते. नाताळात आजी लेकीकडे निघाल्या, पण तिथल्या नातवाला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो. तेव्हा आठवडाभर घरात मी आणि तो, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, वयस्कर कुत्रा.

कुत्रा सोबत असला की जर्मन माणूस बोलू लागतो, हा माझा पहिला शोध. दोन महिने ज्या शेजाऱ्यांनी मान हलवण्यापलीकडे ओळख दिली नव्हती, ते थांबून ब्रूनोचे वय विचारू लागले. भाषेचे धडेही तिथेच मिळाले. जर्मन भाषेत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे दोन शब्द आहेत. अनोळखी प्रौढ माणसाला 'तुम्ही'च म्हणायचे. कुत्र्याला मात्र सगळेच 'तू' म्हणतात. आजी मला अहो-जाहो करीत आणि ब्रूनोला अरे-तुरे, याचा मला हेवा वाटे. फेब्रुवारीत एके दिवशी त्यांनी रीतसर विचारले, "आता आपण एकमेकींना 'तू' म्हणू या का?" तिथे हा प्रश्न थोरल्यानेच विचारायचा असतो.

आणखी एक गंमत. जर्मन भाषेत मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. इंग्रजीच्या वाटेने आलेली मुले तिथे रडकुंडीला येतात, आपल्याला मात्र त्यात नवल नाही. 'मुलगी' या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून वर्गात हशा पिकला, पण मला हसू आले नाही. आमच्या मालवणीत 'चेडूं' नपुंसकलिंगीच असते, आणि आई अजून माझ्याविषयी शेजारणीला 'तां जर्मनीत गेलां' असेच सांगते.

आईचे नाव निघाले म्हणून सांगते. कुत्र्याबरोबर राहते हे कळल्यावर तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हा: "गो चेडवा, तो चावलो तर काय करतलंस?" या प्रश्नामागे एक आठवण आहे. मी पाचवीत असताना आमच्या वाडीतला एक मुलगा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला. जखम लहान म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही, आणि लस टोचायची वेळ टळून गेली. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. शेवटी तो पाण्याचा पेला पाहून दचकत होता. त्यानंतर आमच्या घरात कुत्र्याला कोणी हात लावला नाही.

म्हणून मी आजींना विचारले, "इथे ही भीती नाही का?" त्यांचे उत्तर ऐकून मी चकित झाले. त्यांच्या लहानपणी ती भीती होती. रानातले कोल्हे हा रोग पसरवीत. कोल्ह्याला पकडून टोचणार कसे? तेव्हा शास्त्रज्ञांनी लस खाण्यात घातली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्याचा पहिला प्रयोग झाला. १९८३ मध्ये जर्मनीनेही हा मार्ग धरला. पुढे लसीच्या वड्या विमानातून टाकू लागले. कोल्हे त्या खात आणि रोगापासून सुरक्षित होत. पंचवीस वर्षे हे काम चिकाटीने चालले. कोल्ह्यातील शेवटचा रोगी २००६ मध्ये आढळला आणि २००८ मध्ये देश या रोगापासून मुक्त जाहीर झाला. वटवाघळांतील त्याचा एक प्रकार तेवढा उरला आहे.

यानंतर ब्रूनोभोवतीच्या नियमांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. जर्मनीत सुमारे एक कोटी पाळीव कुत्री आहेत, पण रस्त्यावर बेवारस कुत्रे दिसत नाही. प्रत्येक कुत्र्यामागे मालकाला नगरपालिकेकडे वार्षिक कर भरावा लागतो. लोअर सॅक्सनीत कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप हवी, त्याने केलेल्या नुकसानीचा विमा हवा, त्याची नोंद हवी. २०१३ पासून तर नव्या मालकाला लेखी व प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे ब्रूनोच्या मालकालासुद्धा माझ्यासारखीच परीक्षा चुकत नाही! १ एप्रिल ते १५ जुलै हा रानातल्या पशुपक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. त्या काळात कुत्र्याला रानात मोकळे सोडायचे नाही.

प्रवासही नियमांतच. पेटीत मावणारे लहान कुत्रे रेल्वेतून फुकट जाते. मोठ्या कुत्र्याला तिकीट, साखळी आणि मुसके लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात आजींच्या परवानगीने मी ब्रूनोला घेऊन हार्झच्या डोंगरात गेले. ग्योटिंगेनचा विद्यार्थी असताना कवी हाइनेने १८२४ मध्ये हाच डोंगर पायी पालथा घातला होता. तिथले सर्वांत उंच शिखर ब्रोकेन, १,१४१ मीटर. टोर्फहाउसहून निघणारी आठ किलोमीटरची पायवाट गटेच्या नावाने ओळखली जाते, कारण १७७७ च्या डिसेंबरात तोही इथून वर गेला होता. पुढे ही वाट एका जुन्या लष्करी रस्त्याला मिळते. १९८९ पर्यंत इथून दोन जर्मनींची सरहद्द जात होती आणि शिखर सामान्य माणसाला बंद होते. ३ डिसेंबर १९८९ रोजी लोक मोर्चाने चढून गेले, तेव्हा ते उघडले. या सरहद्दीवर पूर्वेकडील पहारेकऱ्यांनी ठिकठिकाणी तारेला कुत्री बांधून ठेवलेली असत. तार जिथवर जाई, तिथवरच त्यांचे जग. ब्रूनो त्या रस्त्यावर साखळीला ओढ देत, प्रत्येक दगड हुंगत चालला होता. कुत्रा पहारेकरी होतो की सोबती, हे माणूस त्याला कशाला बांधतो यावर ठरते, एवढे त्या दिवशी मला कळले.

नाताळ संपला तरी आमची कसोटी व्हायची होती. ३१ डिसेंबरच्या रात्री जर्मनीत दिवाळीसारखे फटाके उडतात. ते विकण्याची परवानगी वर्षअखेरचे तीनच दिवस असते, त्यामुळे सगळा दारूगोळा एकाच रात्री संपतो. ब्रूनो न्हाणीघरात जाऊन थरथरत बसला. मी दिवा मालवला, पडदे ओढले आणि फरशीवर त्याच्याशेजारी बसले. काय बोलावे सुचेना, म्हणून मालवणीत बोलत राहिले. बारानंतर कधीतरी त्याने डोके माझ्या गुडघ्यावर टेकले. आमच्या घरात बारा वर्षांत कोणी कुत्र्याला हात लावला नव्हता, तो मी त्या रात्री लावला.

आपला कुत्रा तिकडे नेता येईल का, असे एका मैत्रिणीने पत्रातून विचारले होते. नेता येतो, पण घाई चालत नाही. चिप बसवून रेबीजची लस टोचायची. त्यानंतर निदान ३० दिवसांनी रक्त तपासून घ्यायचे, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचे. भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना हा नियम आहे. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी चार महिने. हा नियम जाचक वाटतो खरा, पण त्या पंचवीस वर्षांच्या मेहनतीची ती राखण आहे.

हे श्रीमंत देशांनाच जमते, असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गोव्यात वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांना घरोघर व रस्तोरस्ती फिरून लस टोचली गेली. त्याचा परिणाम म्हणून २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. शास्त्र सांगते, की परिसरातील दहापैकी सात कुत्र्यांना लस दिली तर रोगाची साखळी तुटते. ही गोष्ट सावंतवाडीहून तासाभराच्या अंतरावर घडली, हे मला जर्मनीत जाऊन कळले.

परत आल्यावर आमच्या वाडीतल्या अकरा कुत्र्यांना मी पशुवैद्यांकडून लस टोचून घेतली. कुत्री धरायला आई पुढे आली नाही, पण वहीत नोंद तिने ठेवली. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना दर हिवाळ्यात खेड्यात शिबिर भरवते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. तो लुई पाश्चरचा स्मृतिदिन आहे. त्या निमित्ताने पशुसंवर्धन खात्याच्या मदतीने दत्तक गावातील कुत्र्यांचे लसीकरण हाती घेता येईल. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढी दोन वाक्ये प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिली, तरी पुष्कळ झाले. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले, तर पहिल्या शिबिराला नाव नोंदवायला मी तयार आहे.